जुने चार, नवे चार

बँगारीत कुणालाही विचारा, मर्टल हॉबडे ही बाई वेंधळी नव्हती. चाळीस गाईंचं दूध काढणाऱ्या घरात वेंधळेपणा चालतच नाही. लढाईच्या आधी ती सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत घड्याळाकडे न बघता सगळं वेळेवर करायची. तिचा घोळ केला तो सरकारनं. वीज वाचवायची म्हणून उन्हाळाभर सगळी घड्याळं एक तास पुढे करा, असा हुकूम निघाला. आता सांगा, सूर्य काय सरकारी नोकर आहे?

तिचा नवरा वॉली हॉबडे, म्हणजे तर हट्टाचा पुतळा. "गाईंना विचारलंय का कुणी?" तो म्हणाला. "त्यांची कास तीनला भरते. मुलगा दिला, बंदूक दिली, पेट्रोल दिलं, चहात साखर नाही. पण माझ्या घड्याळाला कुणी हात लावायचा नाही!" त्यामुळे हॉबड्यांच्या स्वैपाकघरातलं घड्याळ जुन्याच वेळेवर चालत राहिलं आणि गाव नव्या वेळेवर. गावात जायचं तर मर्टलनं घड्याळ बघायचं आणि मनात एक मिळवायचा.

मिळवायचा, की वजा करायचा? पहिल्या महिन्यात तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. संध्याकाळची रेडिओवरची मालिका ती लावायची तेव्हा संपलेली असायची. त्यातल्या डॉक्टरच्या धाकट्या मुलीनं त्या अमेरिकन वैमानिकाशी लग्न केलं की त्याला हाकलून दिलं, हे तिला कधीच धड कळलं नाही. शनिवारी सार्वजनिक हॉलमध्ये सिनेमा बघायला गेली, तर नायिका आधी मेली आणि मग तिनं नाच केला. दुसरा खेळ सुरू झाला होता हे मर्टलला घरी आल्यावर उमगलं. म्हाताऱ्या टूमीच्या अंत्यविधीला ती पोचली तेव्हा कबर खणणारा एकटाच सँडविच खात बसला होता. शेवटी तिनं नेम ठरवून टाकला: घड्याळ काहीही म्हणो, एक मिळवायचा. विचार करायचाच नाही. हा नेम असा अंगवळणी पडला की झोपेतही ती एक मिळवत असेल.

त्रेचाळीसच्या मार्चमधली गोष्ट. शेजारीण ऊना ट्रेलोर सकाळी सकाळी कुंपणाशी आली. ऊनाचा नवरा रेल्वेत गार्ड. तिनं इकडेतिकडे बघितलं. कुरणात गाईंखेरीज कुणी नव्हतं, तरी तिचा आवाज खाली गेला.

"मर्टल, तुझा कीथ मंगळवारी जातोय इथनं. उत्तरेला. चार वाजता. पाणी भरायला दहा मिनिटं थांबेल गाडी."

मर्टलनं कुंपणाची तार घट्ट धरली. कीथ तिचा एकुलता एक. चौदा महिन्यांत तिनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. उत्तरेला म्हणजे बोटीवर, आणि बोटीच्या पलीकडे काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

"जुने चार की नवे चार?" तिनं विचारलं.

"अगं, रेल्वे कधी वॉलीच्या गाईंचं ऐकते का? नवे! आणि मी बोलले नाही हं काही."

त्या दिवसापासून मर्टलच्या घरात केकशिवाय दुसरा विषय नाही. साखरेची कुपनं तिनं राखून ठेवली होती, आधीचे दोन आठवडे दोघंही फिका चहाच पीत होते. चहा तरी कुठला, अर्ध्या पौंडाची पुडी पाच आठवडे पुरवायची म्हणजे नुसतं तपकिरी पाणी. बेदाणे वाण्याकडे नव्हतेच. "बाई, बेदाणे गेले सैन्यात," तो म्हणाला. मग ऊनानं कपाटाच्या तळातून एक पुडा काढून दिला. केक भाजला, डब्यात बसवला, डबा मांजरपाटात घालून शिवला आणि वर जांभळ्या पेन्सिलीनं कीथचं नाव नि लष्करी नंबर लिहिला. "हातात द्यायचाय ना? मग शिवतेस कशाला?" वॉलीनं विचारलं. लढाई सुरू झाल्यापासून केक म्हणजे शिवायचाच, एवढंच तिला ठाऊक.

हॅटचा प्रश्न होताच. लढाईआधी सहा पेन्सला मिळणारी कापडी फुलं आता दोन शिलिंगांना, तीही रंग उडालेली. ऊनानं आपल्या जुन्या हॅटवरचा लाल चेरींचा घोस उसवून दिला. मर्टलनं तो आपल्या गवती हॅटला लावला, आरशात बघितलं आणि वॉलीला विचारलं, "फार होतंय का रे?"

"लांबूनसुद्धा दिसशील," वॉली म्हणाला. त्याच्याकडून एवढं कौतुक म्हणजे पुष्कळच झालं.

वॉलीला स्वतःला जाता येणार नव्हतं. दोन्ही गडी सैन्यात गेलेले, चाळीस गाई आणि चार हात, त्यातले दोन मर्टलचे. तिला जाऊ द्यायचं तर त्यानं मागे राहायलाच हवं होतं. सोमवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "त्याला म्हणावं, बाप बरा आहे."

मंगळवारी दुपारचं जेवण झालं, मर्टल पाणी घेऊन आली, वॉली कुरणाकडे गेला. मर्टलनं इस्त्री केली, हात धुतले, बटणं लावली, परत हात धुतले. मग घड्याळाकडे बघितलं तर अडीच.

अडीच! म्हणजे एक मिळवून साडेतीन!

"अगंबाई, वेळ गेला तरी कुठे?" ती मोठ्यानं ओरडली. आत्ता जेवणं झाली नि लगेच साडेतीन? पण विचार करायचा नाही हा नेम. तिनं हॅट चढवली, केक उचलला, टॉफी घोडीला दोन चाकी गाडीला जुंपलं आणि त्या म्हाताऱ्या घोडीला आयुष्यात पहिल्यांदा चाबूक दाखवला.

स्टेशनावर पोचली तेव्हा तिच्या हिशेबानं चारला पाच कमी. फलाटावर शुकशुकाट. शत्रू उतरलाच तर त्याला कळू नये म्हणून स्टेशनच्या नावाची पाटी कधीच उतरवलेली. घड्याळ नाताळापासून बंद, कारण ते दुरुस्त करणारा माणूस आता बॉम्बचे भाग जोडत होता. भिंतीवर एक चित्र, तोंडावर बोट ठेवलेलं. त्याच्याखाली स्टेशनमास्तर पेग्रम, तोही जवळजवळ तसाच.

"मिस्टर पेग्रम, चारची गाडी वेळेवर आहे ना?"

"गाडी? कसली गाडी?"

"सैनिकांची हो."

"मर्टलबाई, या स्टेशनात सैनिकांची गाडी येते असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

ऊनाचं नाव कसं घेणार? "कुणी नाही," मर्टल म्हणाली.

"मग मीही काही ऐकलं नाही," पेग्रम म्हणाला आणि आत गेला. मेला नेमानं चालणारा माणूस! एरवी गावातल्या कोंबड्या किती अंडी घालतात तेही सांगेल.

दहाएक मिनिटांत शिट्टी झाली. मर्टल फलाटाच्या कडेला धावली. गाडी आली, खिडक्याखिडक्यांतून खाकी बाह्या, टोप्या, हात. आणि गाडी थांबलीच नाही. वेग थोडा कमी केला, धूर सोडला आणि निघून गेली. मर्टल केक छातीशी धरून तशीच उभी राहिली. तिला एकही चेहरा ओळखता आला नव्हता.

पेग्रम बाहेर आला तेव्हा तिनं विचारलं, "हीच का हो ती?"

त्यानं तोंड उघडलं, भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं आणि मिटलं. "सांगता येत नाही, बाई," तो म्हणाला. खरंच वाईट वाटत होतं त्याला, पण सांगता येत नाही म्हणजे येत नाही.

ऊना तर म्हणाली होती थांबेल. की हुकूम बदलला? की ही वेगळीच गाडी? ती बाकावर बसून राहिली. खांबाची सावली अजून आखूड होती, पाचची वाटेचना, पण सावलीचं ऐकायचं की सरकारचं, हेच तर तिला उन्हाळाभर कळलं नव्हतं. मनातल्या मनात पावणेपाच झाले. घरी एकटा माणूस चाळीस गाईंशी झुंजत असणार. ती उठली, गाडीत बसली. घोडीनं आपणहून घराची वाट धरली, कारण मर्टलला लगाम दिसतच नव्हता, डोळे इतके भरलेले.

दोन मैलांवर रस्ता रुळांना ओलांडतो. तिथे पोचली आणि मागून शिट्टी ऐकू आली. लांब, घोगरी. मग इंजिन थांबल्याचा फुसकारा. पाणी भरायला थांबलेल्या इंजिनाचा आवाज या गावात जन्मलेल्या बाईला कळत नाही होय?

हीच गाडी. आत्ता. मग मघाची कोणती? परत जावं, तर टॉफीला वीस मिनिटं हवीत आणि गाडी थांबणार दहा. न जावं, तर तो फलाटावर उतरून तिला शोधणार. मर्टलनं घोडी वळवली, पुन्हा वळवली. बिचारी टॉफी रस्त्यात गोल फिरली. शेवटी मर्टलनं फाटकाला लागून गाडी उभी केली आणि ती गाडीच्या फळीवर उभी राहिली. पन्नाशीची बाई, चेरीवाली हॅट, हातात मांजरपाटाचं गाठोडं.

चढावर गाडी हळू झाली. पहिला डबा आला आणि कुणीतरी ओरडलं, "आई!"

मर्टल आवाजाकडे वळली. तोवर दुसरा ओरडला, "आई गं! केक आणलास?" मग तिसरा, दहावा, सगळा डबा. "आई, मी इथे!" "ए आई, माझे मोजे शिवायचे राहिलेत!" आपली पोरं कसली वांड, बाई दिसली की आई. शे-दोनशे तोंडं, सगळी उघडी, सगळी काळवंडलेली, सगळी "आई, आई" ओरडणारी. त्यात कीथचा आवाज होता का? एकदा वाटलं, होता. मग वाटलं, तो सगळ्यांतच आहे. तिनं केक डोक्यावर धरला, पण फेकणार कुणाकडे? ती नुसती हात हलवत, "हो रे, हो रे बाळांनो," म्हणत राहिली. शेवटचा डबा गेला. रुळांवर नुसता कोळशाचा वास राहिला.

घरी पोचल्यावर तिनं आधी छपरीत जाऊन केक पहिल्या दिसलेल्या पिंपात कोंबला. कशाला लपवला, तिचं तिलाही कळलं नाही. मग ती गोठ्यात गेली. वॉली शेवटच्या गाईखालून उठला. तिच्याकडे बघून त्याचा चेहरा उजळला.

"भेटला? मला वाटलंच! अगं, तुझा तो एक मिळवण्याचा घोळ नको, म्हणून जेवणानंतर तू पाणी आणायला गेलीस ना, तेव्हा मीच घड्याळ नव्या वेळेवर करून ठेवलं. म्हटलं, एक दिवस. पोरासाठी." तो ओशाळून हसला. "सांगितलं नाही. उन्हाळाभर एवढं बोललो ना मी."

अडीच म्हणजे अडीचच होते तर.

"बरं केलंस," ती म्हणाली. "भेटला."

"कसा आहे?"

"काळा पडलाय. पण बरा आहे."

"माझा निरोप?"

"दिला. हसला."

वॉलीनं मान हलवली, बादली उचलली आणि पुढे काही विचारलं नाही. रात्री जेवतानाही नाही. मर्टलला वाटलं, सुटले बाई.

मार्च संपता संपता सरकारनं घड्याळं पुन्हा मागे घेतली आणि हॉबड्यांचं घर नि गाव एका वेळेवर आलं. एप्रिल सरत आला तेव्हा कीथचं पत्र आलं. त्याआधी मर्टलनं चारदा छपरी धुंडाळली होती. केक कुठल्या पिंपात टाकला तेच आठवेना, आणि वॉलीला विचारायची सोय नव्हती. उंदरांनी नेला असेल, असं म्हणून तिनं नाद सोडला.

वॉलीचा चष्मा नेहमीसारखा हरवलेला, म्हणून पत्र ती वाचू लागली. लष्करी तपासनिसानं कात्रीनं भोकं पाडलेली होती.

"लाडकी आई आणि बाबा. आई, ती चेरीवाली हॅट कुठून पैदा केलीस? फलाटावर तू नाहीस म्हणून मी रडकुंडीला आलो होतो, आणि मग" - इथे भोक - "फाटकापाशी. चौथा डबा. ओरडून ओरडून घसा बसला माझा, पण या गाढवांपुढे माझं कोण ऐकतंय?"

मर्टलचा आवाज थांबला. तो होता तर. आणि वॉलीला तर तिनं सांगितलं होतं, भेटला, हसला. तिनं मान वर केली नाही. थांबणं बरं नव्हे म्हणून ती पुढे वाचत गेली.

"केक पोचला. कोंड्याचा वास येत होता, पण चव झकास. मात्र मांजरपाट उसवताना चाकू मोडला. बाबा, एकीकडची शिवण आईची होती, आणि दुसरीकडची दाभणाची. असा टाका घोड्याच्या खोगिराला घालतात, केकला नाही. आतली चिठ्ठीही वाचली. बाबा, तुमची काही चूक नव्हती. मी आईला बघितलं ना."

कोंड्याचं पिंप! गाईंना कोंडा घालायला रोज सकाळी ते कोण उघडतं? मर्टलनं कागद खाली ठेवला. पिंपातून केक काढून, उसवून, चिठ्ठी घालून, दाभणानं परत शिवून वॉलीनं तो टपालात टाकला होता, आणि पाच आठवडे हा माणूस तिच्यासमोर बसून जेवत होता.

"वॉली," ती म्हणाली.

तो तोवर उठला होता. रविवार नसतानाही त्यानं घड्याळाचं दार उघडलं आणि पाठमोरा उभा राहून किल्ली देऊ लागला. गरजेपेक्षा जास्तच वेळ देत होता.

"किती वाजले?" तिनं विचारलं.

"चार," तो म्हणाला. "गाई खोळंबल्यात. चल."

तिनं पत्राची घडी घातली, डोळे पुसले आणि बादल्या घेतल्या.