टाकीच्या तोंडावरचा माणूस

आमचे धाकटे दीर दत्तोबा, त्यांच्याशी मी नऊ वर्षं बोलले न्हाई. एकाच आळीत घरं, पाण्याला एकच नळ, तरी न्हाई. ते समोरून आले की मी मान वळवायची. मी तानाबाई, फटकळ, हे साऱ्या गावाला ठाऊक. पण त्यांना मी कधी शिवीसुद्धा दिली न्हाई. तेवढीही त्यांची लायकी न्हाई, असं वाटायचं.

कारण सांगते. आमचे मालक, बिरू, चाकणजवळ एका शेडात वेल्डर होते. तिथं स्टीलच्या टाक्या बनायच्या, जहाजात बसवायच्या, गोड्या पाण्याच्या. आमच्या घरात समुद्र कुणी बघितला न्हाई, पण जहाजाच्या टाक्या आमच्या माणसांनी जोडल्या. टाकीला वरून एक गोल तोंड, माणूस कसाबसा मावंल एवढं. मालक आत उतरून वेल्डिंग मारायचे आणि दत्तोबा भावजी तोंडावर उभं राहून त्यांना लाईट, नळी, सामान द्यायचे. दोघं भाऊ एका गाडीवर जायचे, एका डब्यात जेवायचे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आर्गॉनची नळी टाकीतच राहिली. वेल्डिंगला लागतो तो वायू. कॉक नीट बंद झाला नव्हता. आर्गॉन दिसत न्हाई, त्याला वास न्हाई, हवेपेक्षा जड, म्हणून तळाला साचतो आणि हवेला वर ढकलतो. हे मला आता कळतं. तवा एवढंच कळलं, की मालक जेवून उतरले आणि तळाला पोचताच आडवे झाले. हवा तपासायचं मीटर साहेबाच्या कपाटात कुलपात. कमरेला दोर न्हाई. मास्कवाले येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. सगळं संपलं होतं.

आणि सख्खा भाऊ तोंडावर उभा होता. आत उतरला न्हाई.

तेराव्याला सगळी भावकी जमली होती. त्यांच्यादेखत मी म्हणाले, "पाठचा भाऊ तुमी, आणि एवढ्याशा भोकात उतरायला भ्यालात? तुमी का न्हाई मेलात त्यांच्याऐवजी?" सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला.  भावजींच्या उजव्या मनगटाला फडकं गुंडाळलं होतं, तेच नीट करत बसले. पुढं त्या जागी अर्धगोल व्रण राहिला. नळावर कधीमधी नजरेला पडायचा. भाजलं असंल, भाजू दे मेल्याला, असं मी मनात म्हणायची.

त्यांनी ते शेड सोडलं, दुसऱ्या शेडात लागले. फिटरचं चांगलं काम देत होते, ते घेतलं न्हाई. मागून घेतलं काय, तर टाकीच्या तोंडावर बसायचं काम. लोक हसायचे, दत्तोबा भोकाची राखण करतो म्हणायचे. मीही एकदा हसले. लाज वाटते आता.

माझी पोर वर्षाली माझ्या चोरून काकाकडं जायची. बारावी झाली आणि आयटीआयला वेल्डिंगचा फॉर्म भरून आली. मी घर डोक्यावर घेतलं. "बापाला गिळलं ते पुरलं न्हाई का?" ती म्हणाली, "आई, बाबांना वेल्डिंगनं नाही मारलं." मग रोज जेवताना काकाची पद्धत सांगायची, मी ऐकते का न्हाई ते न बघता. काका आधी हवा तपासतात, वर, मध्ये आणि तळाला. पंख्याची हवा आत सोडतात. सुट्टी झाली की आर्गॉनची नळी बाहेर ओढून स्वतःच्या गळ्यात घालतात आणि तशीच घालून जेवतात. दर पाच मिनिटांनी टाकीवर हातोडीचे दोन ठोके द्यायचे, आतून दोन यायला पाहिजेत. उशीर झाला तर आतल्याला बाहेर बोलावून असा झापतात, की साहेबसुद्धा गप्प बसतो.

"आणि आतला पडला तर?" एकदा माझ्या तोंडून निघून गेलं.

"गॅस बंद करायचा, ओरडायचं, दोरानं ओढायचं. पण बाहेरच्यानं आत जायचं नसतं, आई. गेला की दोघं जातात."

मी ताट सरकवून उठले. झोपताना बाप आठवला माझा. विहिरीचा गाळ काढायच्या आधी तो दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं न्हाई. हे मी लहानपणापासून बघितलेलं. पण मालकांच्या टाकीशी त्याचं नातं मी एकदाही जोडलं न्हाई. मला रागच हवा होता, दुसरं काय!

गेल्या महिन्यात सुजित पेढे घेऊन आला. मालकांच्या शेडातला फिटर तो. मुलगी झाली त्याला. पेढा हातावर ठेवता ठेवता रडायलाच लागला.

"वहिनी, त्या दिवशी मी उडी मारली होती. कमरेपर्यंत आत गेलो होतो. दत्तोबाभाऊंनी मला मिठी मारून बाहेर ओढलं. मी त्यांच्या मनगटाला कचकचून चावलो, रक्त आलं, तरी सोडलं नाही. एका हातानं मला धरलंय, दुसऱ्यानं पंख्याचा पाइप आत कोंबतायत, आणि रडत म्हणतायत, माझा भाऊ गेला रे, तू नको जाऊ."

मी पेढा खाली ठेवला. "नऊ वर्षं गप का बसलास मग?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, हे कळलं तर उतरणं म्हणजे मरणच होतं हे वहिनीला उमजंल, मग ती दादावर चिडंल, हवा न तपासता उतरला म्हणून. गेलेल्या माणसावर चिडून तिनं जगायचं कसं? माझ्यावर चिडू दे."

तो गेल्यावर मी देवापुढं बसले, पण हात जोडवेनात.

वर्षाली आता काकाच्याच शेडात लागली हाय. परवाच्या सोमवारी तिची पहिली टाकी. त्या टाकीच्या तोंडावर कोण बसणार, ते ठरलं नव्हतं. रविवारी सकाळी मी भावजींच्या दारात गेले. ते ओट्यावर चहा पीत होते. मला बघून उभे राहिले, कप हातातच.

"भावजी," मी म्हणाले. नऊ वर्षांनी पहिला शब्द. "उद्या पोर आत उतरणार. तोंडावर तुमी बसा."

त्यांनी कप ओट्यावर ठेवला.

"बसतो," ते म्हणाले. "पण वहिनी, आधीच सांगून ठेवतो. हवा तपासीन, दोर बांधीन, नळी गळ्यात घालीन. तरी ती पडली, तर दोर ओढीन. पण मी आत उतरणार न्हाई. कुणाला उतरू देणार न्हाई. तुमालासुद्धा न्हाई."

 मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. सुजितच्या दातांच्या खुणा अजून तशाच होत्या.

"ठाऊक हाय," मी म्हणाले. "म्हणून तर तुमच्याकडं आले."