कोड न विचारणारे चाचा

"टाका कोड. झालं की खोकून सांगा."

एवढं बोलून चाचा फोन गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे, स्टुलावर अर्धी गिरकी घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. भिंतीवर पाहण्यासारखं काहीही नव्हतं. एक स्विचबोर्ड आणि त्याच्याखाली ओल आलेला पट्टा. पण चाचा त्या ओलीकडे असे टक लावून पाहायचे, की आपण घाई केली तर त्यांचा काहीतरी महत्त्वाचा अभ्यास मोडेल असं गिऱ्हाइकाला वाटावं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मुद्दामच खोकलो नाही. हा माझा जुना दुर्गुण आहे, माणूस किती ताणतो ते पाहायचं. दोन मिनिटं गेली, चार गेली. चाचा हलले नाहीत. शेवटी भिंतीलाच उद्देशून म्हणाले, "साहेब, कोड आठवत नाही, की खोकला येत नाही?"

नारायण पेठेतलं त्यांचं दुकान एवढंसं होतं, की दोन गिऱ्हाइकं आत मावायची आणि तिसरं रस्त्यावर उभं राहून आतल्या दोघांना सल्ले द्यायचं. त्यांचे वडील तिथेच बसून घड्याळं दुरुस्त करायचे. घड्याळं मागे पडली, मोबाइल आले, पण डोळ्याला लावायचं भिंग वडिलांचंच राहिलं. चाचा माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठे, पण सगळी पेठ चाचा म्हणायची म्हणून मीही म्हणायचो.

तुम्हीही कधी फोन दुरुस्तीला दिला असेल. काय होतं? माणूस पावती फाडतो, कोड विचारतो, तो एका चिठ्ठीवर लिहितो आणि ती चिठ्ठी तुमच्याच फोनच्या पाठीवर चिकटवतो. म्हणजे तिजोरी द्यायची आणि किल्ली तिलाच बांधून द्यायची. आपण हे हसत हसत करतो. चाचांकडे ही पद्धत नव्हती. काम तुमच्यासमोर होणार. फोन ठेवून जायचा असेल तर तो तुम्ही स्वतः बंद करून द्यायचा, आणि न्यायला याल तेव्हा तुम्हीच उघडून बघायचा. कुणी वैतागलं तर म्हणायचे, "घड्याळ उघडलं की आत घड्याळच निघतं. यात माणूस निघतो. मला नको."

एकदा एक आजीबाई आल्या आणि त्यांनी चारही आकडे खणखणीत आवाजात सांगून टाकले. चाचा हात जोडून म्हणाले, "आजी, आता हा कोड तुम्हाला माहीत, मला माहीत आणि समोरच्या भाजीवाल्याला माहीत. आधी तो बदला, मग काम." रस्त्यापलीकडून भाजीवाला म्हणाला, "मला शेवटचा आकडा ऐकू नाही आला." आजींनी तिथेच बसून कोड बदलला. मग खोकल्या.

आणखी एकदा एक गृहस्थ बायकोचा फोन घेऊन आले. बिघाड काहीच नव्हता. फक्त 'उघडून' हवा होता.

"तुम्ही कोण?"

"मी नवरा आहे."

"असाल. मी फोनवाला आहे, लग्नाचं मी बघत नाही. त्यांना घेऊन या."

ते गृहस्थ त्यांना घेऊन आले नाहीत, हे सांगायला नको.

इथवर मी हे सगळं गंमत म्हणून मित्रांना सांगत असे, नकलेसह. पुढचं मी फारसं सांगितलेलं नाही.

सदाशिव पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर एक वहिनी राहतात. शाळेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झाल्या. यजमान लवकर गेले, घरात त्या आणि एकुलता एक मुलगा. सव्वीस वर्षांचा. कात्रजकडून येताना त्याच्या स्कूटरला मागून टेम्पोने धडक दिली. दवाखान्यातून त्याचं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत घरी आलं. पाकीट, रुमाल, आणि फोन. फोनची काच तडकली होती, पण तो चालू होता.

तेराव्याला नातेवाईक जमले. जेवणं झाली आणि कुणीतरी तो फोन हातात घेतला. मग सुरू झालं. कुणी त्याची जन्मतारीख घातली, कुणी स्कूटरचा नंबर, कुणी वडिलांचं जन्मसाल. प्रत्येक जण म्हणत होता, मला माहीत आहे, तो माझ्या फार जवळचा होता. दर चुकीनंतर फोन थांबायला लावायचा, आधी थोडं, मग जास्त. लोक थांबत होते, चहा घेत होते आणि पुन्हा घालत होते. संध्याकाळी एक मावसभाऊ म्हणाला, "दवाखान्यातच त्याचा अंगठा लावून घ्यायला हवा होता." वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि त्या आत गेल्या.

नववा कोड मी घातला होता. तोही चुकला.

पुढच्या आठवड्यात मीच वहिनींना चाचांकडे घेऊन गेलो. मला वाटत होतं, चाचांच्या हातात जादू आहे. वहिनींनी फोन काउंटरवर ठेवला. "यात त्याचं सगळं आहे हो. फोटो, आवाज, सगळं. मला एकदा बघायचंय."

चाचांनी विचारलं, "किती वेळा चुकलाय?"

"नऊ," मी म्हणालो.

त्यांनी फोन हळूच स्वतःकडे ओढून घेतला, माझा हात पोहोचणार नाही इतका. "काही फोनांत अशी सोय असते, दहाव्या चुकीला आतलं सगळं पुसलं जातं. यांच्या मुलाने ती लावली होती की नाही, ते फोन सांगत नाही. आता कुणी हात लावू नका."

वहिनी खाली बसल्या. मी विचारलं, "तुम्ही उघडाल ना?"

"नाही."

"येत नाही, की करत नाही?"

"याचं येत नाही. येत असतं तर केलं असतं का, ते आज मला विचारू नका."

"अहो, आई आहेत त्या."

"दिसतंय मला," चाचा म्हणाले. मग माझ्याकडे पाठ करून वहिनींशी बोलू लागले. "ताई, यावर फोन येतात का अजून?"

"येतात. मी उचलते. पण पलीकडचं काही ऐकू येत नाही. मी नुसतं हॅलो हॅलो करते."

"ते मी करून देतो. आलेला फोन घ्यायला कोड लागत नाही. आतल्या कशालाही हात लागणार नाही."

दोन तास लागले. आवाजाचा भाग बदलला, फुगलेली बॅटरी बदलली. वहिनी जागच्या हलल्या नाहीत आणि चाचांनीही त्यांना नंतर या म्हटलं नाही. शेवटी त्यांनी मुलाचा नंबर विचारला, आपला फोन घेतला आणि रस्ता ओलांडून भाजीवाल्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. काउंटरवरचा फोन वाजला. वहिनींनी तो उचलला.

"येतंय ऐकू," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "काय बोलू?"

पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे. बहुधा आवाज तपासायचाय, काहीही बोला, असं असेल. वहिनी बोलू लागल्या. दुसऱ्याचं बोलणं ऐकल्याशिवाय मला जेवण जात नाही, पण त्या दिवशी मी पायरी उतरून बाहेर आलो. रस्त्यापलीकडे चाचा कानाला फोन लावून उभे होते. गाड्या जात होत्या, कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. ते मान खाली घालून ऐकत होते. मधेच एकदा म्हणाले, "हो का?" आणि पुन्हा ऐकू लागले. पंधरा मिनिटं तरी झाली असतील. आवाज तपासायला एवढा वेळ लागत नाही.

त्यानंतर तो फोन वहिनींच्या स्वयंपाकघरात असायचा. बहुतेक वेळा कर्ज हवंय का, फ्लॅट बघायचाय का, असलेच फोन. वहिनी त्या लोकांशीही नीट बोलायच्या. एकदा एका शिंप्याचा आला. "साहेब, शर्ट केव्हाचा तयार आहे, नेताय ना?" वहिनी म्हणाल्या, "मी त्याची आई. मी येते." निळ्या चौकडीचा शर्ट होता. घरी येताना त्या आधी चाचांच्या दुकानात गेल्या आणि त्यांनी तो काउंटरवर उलगडला. चाचांनी भिंग लावून कॉलर पाहिली. "टाके फार छान आहेत," म्हणाले. दोघंही बराच वेळ त्या शर्टाकडे पाहत होते.

गेल्या वर्षी चाचा गेले. छातीत दुखलं आणि तीन दिवसांत संपलं. दुकान काही महिने बंद होतं. आता तिथे दुसरे गृहस्थ बसतात. त्यांनी मोठी पाटी लावली आहे, कोणतंही लॉक उघडून मिळेल.

ती पाटी वाचून मी सरळ वहिनींकडे गेलो. बातमी पोटात ठेवणं मला जमत नाही. त्या कोथिंबीर निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं, आणखी दोन काड्या निवडल्या. मग म्हणाल्या, "बघावंसं वाटतं हो भाऊजी, रोज वाटतं. पण तो असताना मी त्याच्या खोलीत दार वाजवूनच जायचे."

नंतर त्यांनी फोन माझ्या हातात दिला. चाचांनी घातलेली बॅटरी आता दमली आहे. सकाळी भरली तर दुपारी फोन बंद. "नवीन घालून आणता का?"

मी लक्ष्मी रस्त्यापर्यंत पाच दुकानं फिरलो. पाचही ठिकाणी फोन हातात घेण्याआधी पहिला प्रश्न एकच, पासवर्ड काय? माहीत नाही म्हटलं की माझ्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहायचे. एकाने आवाज खाली आणून उघडून देण्याचा भाव सांगितला.

सहाव्या दुकानात एक बाई बसल्या होत्या. त्यांनीही पेन सरसावलं. "पासवर्ड सांगा."

"माहीत नाही. उघडायचा नाहीये. फक्त वाजला पाहिजे."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तडकलेल्या काचेकडे पाहिलं. "कुणाचा फोन येणार आहे यावर?"

मी फोन त्यांच्यासमोर ठेवला आणि स्टूल पुढे ओढून बसलो.