आक्कानं सांगितलेला शेवट

आमच्या आक्कानं आजवर एकही गोष्ट जशी घडली तशी सांगितलेली नाही, आणि तरीही तिला खोटारडी म्हणायची कोल्हापूर जिल्ह्यात कुणाची छाती नाही. सुरुवात ती अगदी इमानदारीनं सांगते. मधला भाग तर कोर्टात साक्ष द्यावी इतका चोख. पण शेवट जवळ आला की तिच्या अंगात काहीतरी संचारतं. मग मेलेली माणसं उठून बसतात, रुसलेले जावई परत येतात, आणि सगळे मिळून जेवायला बसतात. आक्काच्या गोष्टीत शेवटी कुणी उपाशी राहिलेलं मला आठवत नाही. अगदी खलनायकसुद्धा हात धुऊन पंगतीला असायचा.

ही सवय तिला लावली आमच्या गावच्या, कोडोलीच्या एस.टी.नं. आमची आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण, सिनेमाची भारी शौकीन. सवड मिळाली की ती आक्काला बरोबर घेऊन कोल्हापूर गाठायची. मी लहान, म्हणून मला घरी ठेवायच्या. दुपारचा खेळ सुटायच्या आधीच गावाकडची शेवटची गाडी सुटायची, त्यामुळं या दोघी ऐन रंगात आलेल्या सिनेमातून उठायच्या आणि स्टँडकडं पळत सुटायच्या. म्हणजे आक्कानं लहानपणी सिनेमे बघितले पुष्कळ, पण शेवट एकाचाही नाही. दुसऱ्या दिवशी शेंगा तोडायला बसलं की बायका तिला म्हणायच्या, "सांग की गं आता." आक्का सांगायची. नायिका पुरात वाहून चाललीया, नायक काठावर उभा हाय, आणि मग? मग काय, आक्काच ठरवणार! गोष्ट संपेपर्यंत शेंगांचा ढीग संपायचा. आमच्या आईला मुलीच्या कल्पनाशक्तीचं काही कौतुक नव्हतं, पण शेंगा संपतात म्हटल्यावर तीही काही बोलायची नाही.

पुढं मी कॉलेजसाठी कोल्हापुरात आले आणि त्यातलाच एक जुना सिनेमा शेवटपर्यंत बघायचा योग आला. त्यात आई मेली. आक्काच्या गोष्टीत ती चांगली ठणठणीत होती, नातवाचं बारसं करून मोकळी झाली होती! मी थेटरात हमसाहमशी रडले. तोवर आक्का लग्न होऊन गडहिंग्लजला गेली होती. सुट्टी लागताच मी तिकडं गेले आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी भांडायला उभी राहिले. एवढी फसवणूक! आक्का म्हशीची धार काढत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तू शेवटपर्यंत बसलीसच कशाला?" मी आत जाऊन चहा केला.

बरं, हे सिनेमापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. आक्का शेजारपाजारच्या भानगडीसुद्धा अशाच सांगते. दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन एकमेकांच्या अंगावर गेले इथवर खरं, पण आक्काच्या तोंडून ऐकाल तर त्याच कुऱ्हाडींनी त्यांनी मिळून लाकडं फोडली. गंमत म्हणजे असं चारचौघांत ऐकून ऐकून ते भाऊ खरंच वरमले आणि निदान बोलायला तरी लागले. एकदा कोल्हापूरहून गडहिंग्लजला जाताना तिनं एस.टी.त शेजारच्या माणसाला सासरकडच्या एका भाचीच्या लग्नाची गोष्ट सांगायला घेतली. आवाज असा की ड्रायव्हरनंही मान कलती केलेली. त्या माणसाला कागलला उतरायचं होतं. कागल आलं, तो उठायला लागला, तर आक्कानं त्याची बाही धरली. "पावणं, नवरदेव घोड्यावरनं पडलाय आणि तुम्ही निघालाय व्हय?" बिचारा निपाणीपर्यंत आला. उतरताना मात्र खुशीत होता, नवरदेवाला काही झालं नाही म्हणून.

अशा या आक्काला माझ्या मुलीनं कोरियन मालिका दाखवली. मुलगी पुण्यात नोकरीला. सुट्टीत आली तेव्हा तिनं आम्हा दोघींच्या फोनवर कॉलेजातल्या पोरांची एक मालिका लावून दिली. भाषा कोरियन, खाली हिंदीतून अक्षरं. दर शुक्रवारी नवा भाग यायचा, आणि तो संपला रे संपला की आक्काचा फोन. ती नावं काही तिच्या जिभेवर बसेनात, मग तिनं सगळ्यांचं नव्यानं बारसं घातलं. मच्छीमारांच्या गावातून शिकायला आलेल्या दोन बहिणी म्हणजे थोरली आणि धाकटी. धाकटी कॉलेजात जायची, आणि तिच्या फीसाठी थोरली बेकरीत राबायची. कॉलेजातला श्रीमंत पोरगा धाकटीच्या मागं लागलेला, तो उंच्या. "सकाळी घरातनं बाहेर पडतंय, डोक्याला तेल न्हाय, फणी न्हाय," हे आक्काचं त्याच्याविषयीचं पहिलं आणि अखेरचं मत. परीक्षा तोंडावर आली तरी ही पोरं नदीकाठी फिरतात याचा तिला मनस्वी राग. "ह्यांचे मास्तर काय करत्यात?" असं ती मला विचारायची, जणू तिथं माझी ओळख होती.

पुढं पुढं थोरलीला लांबच्या देशात चांगली नोकरी चालून आली आणि आमची जुंपली. मी म्हणायचे, जावं तिनं. किती दिवस दुसऱ्यासाठी पाव भाजायचे? आक्का कडाडायची, "आणि धाकटीला कोण हाय गं तिथं?" मी म्हणायचे, अगं, ती काय कुक्कुलं बाळ आहे का? फोन आदळायचा आवाज यायचा. पुढच्या शुक्रवारी पुन्हा, "बघितलास काय?" खरं सांगते, मला मालिकेपेक्षा त्या फोनाचीच ओढ जास्त होती. आक्का सासरी गेल्यानंतर घरात शेंगा तोडायला मी होते, गोष्ट सांगायला कुणी नव्हतं. ते सगळं इतक्या वर्षांनी शुक्रवारच्या शुक्रवारी परत मिळत होतं.

आणि शेवटचा भाग यायच्या आठवड्यातच माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डावा माझा जन्मापासून अधू, माणूस आणि खांब यांतला फरकच काय तो कळणार. म्हणजे जी काही मदार होती ती उजव्यावर. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आत हवा भरलीय, ती पडद्याला चिकटवून ठेवेल, पण आठवडाभर पालथं राहायचं. दिसेल का, हे आत्ता सांगता येत नाही. मी घाबरले. मुलीला रजा मिळेना, मिस्टर जाऊन पाच वर्षं झालेली. तेवढ्यात दारात आक्काचा आवाज आला, "मी आलो गं बारके!" आमच्याकडच्या बायका 'आले' नाही, 'आलो' म्हणतात, आणि आक्का तर म्हणतेच. चेहरा टेकायची खास उशी बाजारात मिळेना, तर तिनं स्वतःच्या जुन्या लुगड्याची, डोक्यावर घागरीखाली ठेवतात तसली चुंबळ वळली, फक्त परातीएवढी. त्यात तोंड घालून मी पडून राहिले. मला दिसायची ती फक्त फरशी, तीही धुरकट, आणि आक्काची पावलं. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमची बारकी जमिनीत पैसं शोधत्याय." मी चुंबळीत हसायचे, आणि हसून झालं की रडायचे. तेही तिला कळायचं, कारण मग ती मुद्दाम भांडी आपटायची.

शुक्रवारी दुपारी तिनं फोन भिंतीला टेकवला आणि चष्मा लावला. मी कोरियन ऐकत होते, ती खालची अक्षरं वाचून आमच्या भाषेत सांगत होती. धाकटी शेवटच्या पेपरला गेली. थोरलीनं पिशवी भरली. उंच्यानं आज भांग पाडलाय. सगळं बैजवार चाललेलं. आणि एकदम आक्का गप्प झाली.

"काय झालं गं?"

"काही न्हाय. फोन अडकलाय."

फोन काही अडकला नव्हता. त्यात कुणीतरी बोलत होतं, मग एक दार वाजलं, मग नुसतं संगीत. मग कुणीतरी रडायला लागलं.

"आक्का, रडतंय कोण?"

"धाकटी रडत्याय. आनंदानं. थोरली स्टेशनावरनं माघारी आली न्हवं! दारात उभी हाय. येताना मासं आणल्यात."

"आणि नोकरी?"

"नोकरीला लागू दे आग. म्हणाली, तू मार्गाला लागलीस की मग बघतो."

मी चुंबळीतूनच भडकले. हा काय शेवट झाला? एवढी चांगली नोकरी सोडून कुणी येतं का परत? लेखकाला अक्कल नाही! आक्काही पेटली. "अक्कल तुला न्हाय! असं सोडून जातंय व्हय कोण?" आवाज चढला, शेजारीण डोकावून गेली. भांडता भांडता आक्का मधेच उठली आणि भाकरी टाकायला म्हणून आत गेली. दुपारचे चार वाजले होते. चार वाजता कुणी भाकरी टाकत नाही.

त्याच संध्याकाळी ती दूध आणायला गेलेली असताना मुलीचा फोन आला. "आई, मावशीनं सांगितला का शेवट? किती रडले मी! थोरली निघूनच जाते गं, निरोपसुद्धा घेत नाही. धाकटी पेपर देऊन येते तर खोली रिकामी. गादी गुंडाळून ठेवलेली, बस्स." मी हं हं करत राहिले. आक्का आली, तिनं दूध तापवलं, कपात नळी घालून माझ्या तोंडाशी धरली. मला तिची पावलंच दिसत होती, धुरकट. मी दूध ओढत राहिले. बोलायला गेले असते तर रडू फुटलं असतं, आणि ते आनंदाचं की कसलं हे तिनंच ठरवलं असतं.

आठवड्यानं डॉक्टरांनी डोळा तपासला. पडदा जागेवर बसला होता. दिसेल, म्हणाले, हळूहळू. आत उरलेल्या हवेची, बाटलीत पाणी हलावं तशी एक रेघ डोळ्यापुढं हलत होती, आणि रेघेच्या वर आक्का होती, तोंडाला पदर लावून. "आता पुरे झालं लोळणं," एवढंच म्हणाली. महिनाभर राहिली. मग म्हशी आठवायला लागल्या, तेव्हा मी तिला स्टँडवर पोचवायला गेले. गडहिंग्लजची गाडी लागली. ती खिडकीत बसली आणि मला राहवेना.

"आक्का, थोरली परत आली नव्हती ना गं?"

तिला दचकायला हवं होतं. दचकली नाही. "कोण म्हणतंय?"

"लेकीनं बघितलंय. त्यात नाही दाखवलं."

"दाखवलं न्हाय म्हंजे आली न्हाय व्हय?" आक्का सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली. गाडी हलली तरी तिचं चालूच होतं. "पोरगी एकटी हाय म्हटल्यावर येणारच की ती! न्हाय आली तर थोरली कसली?"

त्याला आता वर्ष झालं. उजवा डोळा चांगला चालतो. शुक्रवारी आम्ही नवी मालिका बघतो आणि आक्का आता पूर्वीसारखा फोन आदळत नाही, तिचंही वय झालं. मुलगी अधूनमधून विचारते, "आई, तो शेवटचा भाग बघितलास का?" मी सांगते, खालची अक्षरं बारीक आहेत, वाचता येत नाहीत. चष्मा लावला की ती मला स्पष्ट वाचता येतात. पण तो भाग बघायची मला घाई नाही. आक्का आहे तोवर तरी नाही.