मिठागराजवळचं डावं वळण

रविवारी पहाटे मी बुटांच्या नाड्या बांधत होते तेव्हा मलरचा फोन आला. मलर ही राव काकांची सून. मला वाटलं, काकांना आज उशीर होणार असेल आणि ते सांगायची हिंमत नाही म्हणून सुनेला पुढे केलंय. "अक्का, मामा गेले," ती म्हणाली. तिच्या तमिळमध्ये सासऱ्याला मामा म्हणतात, हे मला ठाऊक होतं, तरी क्षणभर कोण मामा, कुठे गेले, हेच कळेना. काका पळायला निघायच्या तयारीत खुर्चीत बसले होते, मलर कॉफी घेऊन आली तेव्हा सगळं संपलेलं होतं. एक बूट पायात होता. मी म्हणाले, "अगं, पण आज आम्हाला पळवेरकाडूला जायचंय." जणू हे कळल्यावर काका उठून दुसरा बूट चढवतील...

पांडुरंग राव. आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आयुष्य काढलेले, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले. आमची ओळख सहा वर्षांपूर्वीची, नुंगंबाक्कमच्या माझ्या बँकेतली. मी काउंटरमागे फोनवर कोल्हापूरच्या आईशी वाद घालत होते आणि समोरचे म्हातारे गृहस्थ काम होऊनही हलेनात. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तुम्ही मराठी की? माझं अस्का काम झालं, तरी थांबलों तुमचं भांडण ऐकत." अस्का म्हणजे सगळं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, हे गृहस्थ माझी थट्टा करताहेत. मग त्यांना टेबलाखाली ठेवलेले माझे बूट दिसले. कुठे पळता, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं, अंबत्तूरला आमच्या कॉलनीत, रोज बारा फेऱ्या. "बारा फेऱ्या? तेच तेच? अय्यो, घाण्याचा बैल तरी तेल काढतो." मी रागावले आणि पुढच्या रविवारी त्यांच्याबरोबर पळायला गेले.

त्यानंतर रविवार काकांचेच झाले. अंधारातच आम्ही माझ्या गाडीतून निघायचो आणि किनाऱ्यालगतच्या कुठल्यातरी गावात गाडी लावून धावायला सुरुवात करायचो. मामल्लपुरमच्या वर, सुरूच्या बनातून, वाघाची तोंडं कोरलेल्या त्या गुहेपर्यंत. सद्रासच्या डच किल्ल्याला वळसा घालून मच्छीमारांच्या वस्तीतून परत. पळवेरकाडूला, जिथे जुन्या दफनभूमीच्या दारावरच दगडी सांगाडे उभे आहेत. वाटा काका ठरवायचे. त्यांचं पळणं मात्र माझ्या डोक्यात जायचं. जरा लय लागते न लागते तोच काका थांबलेले असायचे, कमरेवर हात ठेवून एखाद्या भिंतीकडे बघत. त्यांचे नियम ठरलेले होते. फोनला काही विचारायचं नाही, तिथल्या माणसाला विचारायचं. आणि परतताना एक तरी प्रश्न घरी न्यायचा. सद्रासच्या धान्याच्या कोठारात उभं राहून त्यांनी विचारलं होतं, इतक्या मोठ्या खोलीत दाणे निवडायला उजेड कुठून येत असेल? गुहेपाशी विचारलं, इथं बसणारा समुद्राकडे पाठ करून का बसत असेल? शहाळेवाला एक सांगायचा, पहारेकरी दुसरंच. काका दोघांचंही मन लावून ऐकायचे आणि वहीत लिहायचे फक्त प्रश्न. उत्तर का लिहीत नाही म्हटलं तर म्हणायचे, "उत्तर मिळालं की माणूस परत कशाला येईल?" तिसरा नियम माझ्यासाठी होता. त्यांनी काही पाहिलं असेल आणि मी विचारलं नाही, तर ते सांगणार नाहीत. मी विचारायचेच. खरं सांगते, चाळिशी ओलांडल्यावर मला पुन्हा शाळकरी पोरीसारखं 'का' म्हणायला लावणारा हा एकटा माणूस.

आणि तरीही शेवटच्या वेळी मी विचारलं नाही.

त्या दिवशी आम्ही आलंपराईच्या पडक्या किल्ल्याकडून दक्षिणेला धावत होतो. मला अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत बसवायची होती आणि त्या दिवशी ती बसणार हे पायांना कळलं होतं. मिठागरं सुरू झाली तिथे काका थांबले. डावीकडे एक बांध आत गेला होता आणि त्याच्या टोकाला विटांचं काहीतरी उभं होतं, छप्पर नसलेलं. "वैशाली, ते काय? येऊन पाहा की." मी न थांबता मनगट वर केलं. "काका, आज नाही. आज वेळ बसतेय." एकाहत्तर वर्षांच्या माणसाला उन्हात सोडून मी पुढे गेले. एक तास सत्तावन्न मिनिटं. आमच्या ठरलेल्या चहाच्या टपरीवर मी पाऊण तास त्यांची वाट बघितली. ते आले ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, गुडघ्यापर्यंत मीठ आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मी आधी ओरडले, मग घरी येईपर्यंत माझ्या एक तास सत्तावन्न मिनिटांबद्दल बोलत राहिले. काका अधूनमधून माझ्याकडे बघायचे. मी विचारीन याची ते वाट बघत होते. मला दिसत होतं, पण मी म्हटलं, पुढच्या रविवारी विचारू. मग माझा प्रवास, मग त्यांचा ताप, मग पाऊस... पाच आठवडे गेले आणि ते गेलेच.

दिवसकार्य झाल्यावर मलरनं मला बोलावलं. काकांचा मुलगा दोहाला नोकरीवर परतला होता. घरात ती एकटीच होती. तिनं माझ्यापुढे काकांची वही ठेवली. डाव्या पानावर वाटेचं ड्रॉइंग, इतकं नेटकं की रस्त्याकडेची विहीरसुद्धा मापात. उजव्या पानावर मजकूर, सगळा तमिळ अक्षरांत. मला तमिळ मोडकंतोडकं बोलता येतं, वाचता येत नाही. "तूच वाच," मी म्हटलं. ती म्हणाली, "वाचता येतं, अक्का. कळत नाही." कारण अक्षरं तमिळ असली तरी भाषा मराठी होती. काकांची शाळा तमिळ, मराठी फक्त आईच्या तोंडून आलेली. देवनागरी त्यांना कधी कुणी शिकवलीच नाही. नवऱ्याला विचारलं नाहीस का, असं मी म्हटलं. तिनं त्याला फोनवर दोन पानं दाखवली होती, तो रडायला लागला आणि पुढे वाचेना.

मग आम्ही दोघी जमिनीवर बसलो. ती एकेक अक्षर मोठ्यानं वाचायची, तिला काही कळायचं नाही. मी डोळे मिटून ऐकायचे आणि मला काका ऐकू यायचे. मग मी ते तिला तमिळमध्ये सांगायचे. एका पानावर ती अडखळली. "इथं माझं नाव आहे. काय लिहिलंय?" मी पुन्हा वाचायला लावलं. लिहिलं होतं, इथून समुद्र अस्का दिसतो, मलरला आणायचं, ती विचारत नाही पण तिला आवडेल. मलर उठून आत गेली आणि बऱ्याच वेळानं कॉफी घेऊन आली.

शेवटचं पान मिठागराचं होतं. रस्ता, डावं वळण, बांध, टोकाला छोटा चौकोन. रस्त्याच्या पुढच्या भागावर शाईचा एक डाग पडला होता. उजव्या पानावर एकच ओळ. मलरनं वाचली: "आजचा प्रश्न वैशालीचा. विचारील तेव्हां लिहीन." खाली पान कोरं होतं. मी तिथेच बसून रडले. मला माफ करणारं काहीतरी त्या पानावर असेल, अशी आशा मी धरून होते, आणि काका तर रागावलेलेच नव्हते.

पुढच्या रविवारी मी मलरला घेऊन गेले. ती पळत नाही, म्हणून आम्ही चाललो. बांधाच्या टोकाला विटांची एक खोली निघाली, चार पावलांची, चुन्याचा गिलावा अजून टिकलेला. दार होतं आणि एकच खिडकी. समुद्र इतका जवळ असून खिडकी समुद्राकडे नव्हती, रस्त्याकडे होती. का? शेजारच्या वाफ्यात एक बाई मीठ ओढत होती. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये तिला विचारलं. ती हसायला लागली. "हेच एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं. मला काय ठाऊक? पण तो तुझ्यासारखं वेडंवाकडं बोलत नव्हता." हो, मलर म्हणाली, ते चांगलं बोलायचे. मग बाईनं सांगितलं, तो या खिडकीत उभा राहिला तो हलेचना. तिनं उन्हाचं म्हणून पाणी देऊ केलं तर म्हणाला, थांब, आता नाही. रस्त्यावर एक बाई पळत चालली होती. ती गावात शिरेपर्यंत तो बघत होता. "मला बोलावून दाखवलं त्यानं. म्हणाला, आमची मुलगी आहे, आज कशी पळतेय बघ."

मी खिडकीत उभी राहिले. तिथून रस्ता खरंच अस्का दिसतो, मिठागरांना वळसा घालून जाणारा, पार गावापर्यंत.

त्या खोलीत पूर्वी कोण बसत होतं, कुणाची वाट बघत होतं, हे अजून कळलेलं नाही. तो प्रश्न मी कोऱ्या पानावर लिहिला आहे, देवनागरीत, आणि त्याखाली मलरनं तो तमिळ अक्षरांत उतरवून घेतला आहे. वही आता माझ्याकडे असते. परवा काकांचं भिंग लावून शेवटचं ड्रॉइंग पाहत होते. कारखान्याच्या ड्रॉइंगमध्ये माणसं काढत नाहीत, असं ते नेहमी म्हणायचे, आणि अख्ख्या वहीत त्यांनी कुठे माणूस काढलेलाही नाही. रस्त्यावरचा तो शाईचा डाग मात्र डाग नाही. त्याला दोन पाय आहेत, आणि एक उचललेला आहे.