मास्तरांची तांबोशी

गिऱ्हाइकाच्या पॅन्टची कंबर अर्धा इंच चुकली तर कारागिराच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा हा शिंपी. अख्खा बाजार त्याला मास्तर म्हणायचा. पण रविवारी धक्क्यावर गळ टाकायला गेला की इंच, फूट, सगळं विसरायचा. तळहाताएवढी तांबोशी मासळी गळाला लागली तर दुपारपर्यंत ती हाताएवढी व्हायची आणि संध्याकाळी तिला वर ओढायला दोघे लागलेले असायचे.

बरोबर दातांचा डॉक्टर, औषधवाला आणि मास्तरांचा मेव्हणा. चौघांचा थाट असा, की वाटावं देवमासाच आणायला निघालेत. महागडी रिळं, उन्हाच्या टोप्या, खिसेच खिसे असलेली जाकिटं. जाकिटं मास्तरांनीच शिवली होती. खिशांत ठेवायला काही मिळत नसे, ही गोष्ट वेगळी. त्यामुळे परतीच्या वाटेवर मासळी बाजारात गाडी थांबायची आणि मग मास्तर पिशवी मिरवत घरात शिरायचे.

“अहो, हिचं पोट आधीच साफ केलंय,” बायको म्हणायची. “समुद्रातच कुणी केलं?”

“धक्क्यावर करून घेतलं.”

“आणि बर्फ? तोही तिथंच पडला वाटतं!”

यापुढे ती ताणत नसे. रविवारचं घर तिचं एकटीचं असायचं, पाय पसरून बसायला, रेडिओ मोठ्यानं लावायला. त्या सुखासाठी नवऱ्याच्या असल्या दहा तांबोश्या तिनं मुकाट शिजवल्या असत्या.

घोळ केला तो या शहाण्यांच्या जिभेनंच. मासेमारी खात्याची एक मुलगी धक्क्यावर येऊन प्रत्येकाला विचारायची, काय मिळालं, किती मिळालं. तिला खरं सांगायला कुणाच्या बापाचं काय जात होतं? पण शेजारी दुसरा कान देऊन उभा! डॉक्टरनं चार सांगितल्या की औषधवाला सहा सांगायचा, आणि मास्तर तर पिशवीत मावल्या नाहीत म्हणून सोडून दिलेल्याही धरायचे. खात्यानं बेरीज केली. होड्यांपेक्षा जास्त तांबोशी हे हौशी लोकच उपसतात असं निघालं. मासा संपत चाललाय, तेव्हा धक्क्यावरून गळ टाकायला दोन वर्षं बंदी, असा प्रस्ताव आला आणि त्यावर सुनावणी लागली.

“सरकारला दुसरे धंदे नाहीत,” मास्तर घरी येऊन कडाडले.

बायकोचा लाटता हात थांबला. “म्हणजे रविवारी तुम्ही घरी?”

“मग कुठं जाणार?”

“सुनावणी कधी आहे? मी पण येते. उभं राहायचं आणि सांगायचं, आम्हाला काही मिळत नाही, थापा मारल्या. संपलं.”

“अगं, चारचौघांत?”

“थापा चारचौघांतच मारल्या ना?”

सुनावणीला खात्याच्या अधिकारी बाईंनी फार चांगुलपणा दाखवला. “हे आकडे तुमचेच आहेत. फुगवले असतील तर आत्ता सांगा. बंदीचा प्रस्ताव मागे घेऊ, कुणावर कारवाई नाही.”

डॉक्टर छताकडे असा बघत राहिला, जणू तिथं एखादी किडकी दाढ होती. औषधवाल्याला खोकला आला, तोही औषध न लागणारा.

“दाजी, बोला ना,” मेव्हणा कुजबुजला. “तुम्ही बोललात की मी बोलतोच.”

बायकोनं कोपरानं असं ढोसलं, की मास्तर उभेच राहिले. “बाई, खरं सांगायचं तर...”

“सांगा मास्तर, लाजू नका,” डॉक्टर गालात हसला. “आम्हाला शंका होतीच.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तरांची मान लाल झाली. छाती भरून त्यांनी श्वास घेतला.

“खरं सांगायचं तर आकडा कमीच सांगितला मी. पोरगी दचकायला नको म्हणून.”

“कमी तर मीही सांगितलाय,” डॉक्टर ताडकन उठला. औषधवाला खोकला विसरला. मेव्हण्यानं तर दुप्पट करून घ्या म्हणून सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मग दोन वर्षं पुरायची नाहीत. तीन करावी लागतील.”

घरी जाताना मास्तर खुशीत होते. “डॉक्टरचं तोंड बघितलंस? कसं झालं होतं!” बायको घरापर्यंत बोटांवर रविवार मोजत होती.

बंदीचा पहिला रविवार उजाडला. मास्तर सकाळीच स्वयंपाकघरात येऊन उभे. गॅस मोठा आहे म्हणाले. रेडिओचा आवाज कमी केला. मग कांदा उभा नाही, आडवा चिरायचा असतो, हे सांगायला लागले.

बायकोनं सुरी त्यांच्या हातात दिली आणि चपला पायात सरकवल्या.

“अगं, निघालीस कुठं?”

“धक्क्यावर. तीन वर्षं तिथं कुणी फिरकायचं नाही. जेवण करून ठेवा, संध्याकाळी येते.”