पालथी तावडी
तापलेल्या मातीवर गूळ करपल्याचा वास आला की मला सुरतेच्या पांडेसऱ्यातलं आमच्या वसाहतीमागचं मैदान आठवतं. मैदान कसलं, मिलमधल्या चिंध्यांचा उकिरडाच होता तो. मुलांना खेळायला तो साफ करायचा म्हणून आम्ही खानदेशी बायकांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाचे मांडे विकायचं ठरवलं. पैसे आगाऊ घेतले आणि त्यातून भरावाची माती टाकूनही झाली, म्हणजे आता मांडे द्यायलाच हवे होते. चुलीवर गावाहून आणलेलं, मांडे भाजायचं एकुलतं एक मातीचं खापर होतं आणि समोर डबे घेऊन माणसं उभी होती. सासूबाई ओल्या हातांवर मांडा फिरवत होत्या, तेवढ्यात त्यांच्या कोपरावरून पाणी ओघळलं आणि तापलेलं खापर मधोमध तडकलं. त्यांच्या हातावरचा मांडा लोंबायला लागला. "आते कसं करसूत माय?" त्या पुटपुटल्या. रांगेतली शेजारची सुरती मासी घरी पळाली आणि रोटले, म्हणजे त्यांच्या भाकरी, भाजायची मातीची तावडी घेऊन आली. "ऊंधी मूको," ती म्हणाली. एवढी पातळ तावडी जाळ सोसेल असं सासूबाईंना वाटत नव्हतं, तरी त्यांनी ती पालथी घातली. मी लाकडं मागे ओढली. मांडा पडला, चर्र झालं, आणि कडा सुटेपर्यंत आम्ही श्वास रोखून बसलो. मांडा अख्खा सुटला. आता त्या मैदानात संध्याकाळी मुलांचा गलका असतो. गावाहून दोन नवी खापरंही आली आहेत, पण आखाजीचा पहिला मांडा सासूबाई मासीच्या तावडीवरच टाकतात, आणि तो सुटेपर्यंत अजूनही कुणी बोलत नाही.