व्हरांड्यातला प्रयोग

शालन रडत पळाली नव्हती.

आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर ती गेल्याची बातमी आली. खाली एकाने लिहिलं, "तीच ना, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला घाबरून रडत पळालेली? ओम शांती."

म्हणून लिहिते आहे.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. शालन माझी वर्गमैत्रीण, सांगोल्याची, घरी मेंढरं. वडिलांची अट होती, एकदा नापास झालीस की शिक्षण बंद.

लॅबच्या फ्लॅनेलवर तिचा विश्वास नव्हता. एबोनाइटचा दांडा घासायला ती घरच्या घोंगडीचा तुकडा आणायची. ज्वारीच्या ताटातला भेंड, म्हणजे आतला पांढरा गाभा, काढून त्याच्या हलक्या गोळ्या करायची आणि रेशमी दोऱ्याने टांगायची.

घासलेला दांडा जवळ नेला की गोळी धावत येऊन चिकटायची. चिकटली की दांड्याचाच विद्युतभार घ्यायची, आणि मग दूर पळायची.

शालन म्हणायची, "आदी जवळ बोलावतोय, आपल्यासारखं करून घेतोय, मग ढकलून देतोय. सासर हाय की गं हे!"

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. एप्रिलचं ऊन. पाहुण्यांना त्रास नको म्हणून आमच्याकडे पद्धतच होती: खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे, फरशीवर पाणी.

लॅब गार झाली. आणि दमट.

दमट हवेत भार टिकत नाही, हे आम्हाला शिकवणाऱ्यांपैकी एकालाही आठवलं नाही.

मी दारात नंबरची वाट बघत होते. सगळं ऐकलं.

"आकर्षण दाखवा. मग प्रतिकर्षण."

शालनने दांडा घासला. गोळ्या ढिम्म.

"घोंगडं आणलंत? मेंढ्या बाहेर बांधल्यात वाटतं!"

हशा.

"सर, हितं ओल हाय. भार टिकत न्हाय. एवढा एक पडदा काढा, लगीच दाखवते."

"म्हणजे तुमच्या मार्कांसाठी आम्ही भाजून निघायचं?"

ती स्टँड, दांडा, घोंगडी उचलून व्हरांड्यात आली. वारा लागणार नाही असा कोपरा धरला. घोंगडी उन्हात तापवली. दांडा पुसला. घासला.

गोळ्या झेपावल्या, चिकटल्या, सुटल्या. मग एकमेकींपासूनही फाकून तशाच राहिल्या.

"सर, या की! झालं बगा!"

ते उठले नाहीत. आतूनच म्हणाले, "परीक्षा इथे आहे, बाई."

तिने दांडा आणि स्टँड परत टेबलावर नेऊन ठेवले. घोंगडी आणि गोळ्या माझ्या हातात दिल्या. "ठेव. तुला लागतील."

डोळे कोरडे होते. मी समोर उभी होते.

मला ध्वनीचा प्रयोग आला. मी पास झाले, शालन नापास. वडिलांनी शब्द पाळला. पावसाळ्याआधी तिचं करकंबला लग्न लावून दिलं.

पुढे लग्नकार्यात भेटायचो. मुलांची चौकशी, दुखणीखुपणी. फिजिक्सचा विषय तिने परत काढला नाही.

दुपारी करकंबला जाऊन आले. तिच्या मुलीने मला बाजूला घेतलं.

"मावशी, आई खरंच रडत पळाली होती का? घरात समदे तसंच म्हणायचे. ती कधी खोडायची न्हाय."

"नाही," मी म्हणाले. "प्रयोग झाला होता. मी पाहिला."

शालन, तुझा प्रयोग बरोबर होता. जा आता.

आज तिच्या मुलीच्या हाती दिलं: घोंगडीचा वीतभर तुकडा, कडेने कसरीने खाल्लेला. भेंडाच्या दोन गोळ्या, दोऱ्यासकट. एक चेपलेली आहे.